पूर्वीची माणसं अशी भांडत नव्हती?

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता विद्यार्थी म्हणायचं एवढंच, त्याला स्वतःला नातू होईल आता. १९८६च्या दहावीच्या तुकडीतला. या मुलांनी २०१७ साली व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट काढला आणि कौतुकाने मलाही त्यात घेतलं. पहिलं वर्षभर काय आनंद होता! कुणाला शिपाईमामांची घंटा आठवायची, कुणाला सहलीतला हरवलेला डबा. पुढे निवडणूक आली, मग आणखी कायकाय आलं, आणि तीन वर्षांत गटाचे दोन गट झाले. दोघांनीही मला ठेवून घेतलं आहे. माझी अवस्था दोन सुनांच्या सासूसारखी.

तर हा मुलगा फोनवर म्हणाला, "बाई, पूर्वी लोक असे नव्हते हो. मतभेद असायचे, पण सभ्यपणे. या मोबाइलने माणसं बिघडवली."

मी "हो रे बाबा" म्हणणार होते. पण चौतीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई मी. जीभ वळेना. विषय बदलून मी त्याच्या आईची चौकशी केली आणि फोन ठेवला. मग रात्री झोप लागेना. त्याला जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

पूर्वी म्हणजे कधी? आपण 'पूर्वी' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पगडी-उपरण्यातली, भारदस्त बोलणारी माणसं येतात. त्यांच्याच पुण्यात जाऊ या. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची व्याख्यानं झाली, आणि सप्टेंबरात त्यांची मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती रानडे होते, महात्मा फुले होते. विरोधकांनी काय करावं? गाढवाची मिरवणूक काढली, आणि त्याला 'गर्दभानंद' असं नाव दिलं! स्वामींच्या मिरवणुकीवर चिखल फेकला. आज कुणाच्या फोटोवर गाढवाचं तोंड चिकटवून पाठवतात ना, तेच हे. फक्त तेव्हा खरं गाढव शोधून आणण्याची मेहनत घ्यावी लागे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ते १८८१ चालली. मी त्यांच्या भाषेची चाहती आहे, कबूल करते. पण लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर त्यांनी जे लिहिलं ते वर्गात शिकवताना मला घाम फुटायचा. फुल्यांच्या मुद्द्यांपेक्षा त्यांच्या व्याकरणाचीच टिंगल जास्त. समोरचा शुद्ध लिहीत नाही म्हणून त्याचं ऐकायचं कारण नाही, ही युक्ती काही मोबाइलने शोधलेली नाही.

पण माझ्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न खरं म्हणजे वेगळा होता. त्याला परक्यांची शिवीगाळ खुपत नव्हती. आपलीच, एका बाकावर बसलेली माणसं तीन वर्षांत एकमेकांचं तोंड पाहीनाशी का झाली, हे त्याला छळत होतं. याचं उत्तर पुण्यातल्याच एका गटात आहे, आणि त्या गटाची गोष्ट मी दर वर्षी शिकवली. दर वर्षी शेवटाला माझा आवाज जरा बसायचा.

१ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. चिपळूणकर, टिळक, नामजोशी. पाठोपाठ आगरकर आणि वामन शिवराम आपटे. सरकारी नोकरीचा मोह सोडलेली विशी-तिशीतली पोरं. १८८१च्या जानेवारीत 'मराठा' आणि 'केसरी' निघाली. टिळक आणि आगरकर हे तर कॉलेजातले मित्र. टेकडीवर फिरत तासन् तास वाद घालणारे. वर्षभरात कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल 'केसरी'त लिहिल्यावरून दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. पुराव्याची पत्रं बनावट निघाली, आणि १८८२च्या जुलैत दोघांची रवानगी मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात झाली. तिथे एकशे एक दिवस. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे. रात्री कोठडीत यांचे वाद इतक्या मोठ्याने चालत की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागे!

या खटल्यातली आणखी एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगत असे. जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते रामशेठ उरवणे यांनी, म्हणजे फुल्यांच्या स्नेह्यांनी. ज्या गटातल्या चिपळूणकरांनी फुल्यांची व्याकरणावरून चेष्टा केली, त्याच गटातल्या दोघांसाठी. सुटून आल्यावर सत्यशोधकांनी त्यांचा सत्कारही केला. भांडणाच्या काळात असंही घडत होतं.

कोठडीत मतं जुळली होती का? मुळीच नाही. आगरकरांना वाटे आधी घर झाडा, टिळकांना वाटे आधी घर परत मिळवा. ते तेव्हाही तसंच होतं. तरी मैत्री तुटली नाही. मग तुटली कधी?

चरित्रं वाचताना माझं लक्ष नेहमी एका गोष्टीकडे जातं. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. संस्था वाढली, माणसं वाढली, आणि मग पगाराचे प्रश्न आले. आजीव सदस्यांनी बाहेरून पैसे मिळवावेत का? वेतन वाढवावं का? टिळकांचा आग्रह मूळ त्यागाच्या शपथेचा. आगरकर दम्याने बेजार आणि प्रपंचाने गांजलेले. 'केसरी'त आगरकर संपादक, पण सामाजिक सुधारणेबद्दल त्यांनी लिहिलेलं सहकाऱ्यांना चालेना. शेवटी १८८७ साली ते 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःचं 'सुधारक' काढलं. इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोखले. १८९०च्या ऑक्टोबरात गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम पत्करण्यावरून शेवटची ठिणगी पडली, टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्याची कारणं सांगणारं लांबलचक निवेदन दिलं.

शिक्षकांच्या खोलीत आयुष्य घालवलेल्या बाईला हे निवेदन वाचून हसू येतं आणि रडूही. तत्त्वांच्या मागे पाच-दहा रुपयांची गोष्ट, आणि त्या पाच-दहा रुपयांच्या मागे पुन्हा तत्त्व. कुठलं आधी, कुठलं नंतर, सांगता येत नाही.

'सुधारक' निघत असे सोमवारी, 'केसरी' मंगळवारी. पुण्याला आठवड्यातून दोन दिवस मेजवानी! एका खोलीत वाद घालताना समोर एकच माणूस असतो, त्याचा चेहरा दिसतो, त्याला दमा लागलेला ऐकू येतो. छापून वाद घालताना समोर वर्गणीदार असतात. त्यांना टोला आवडतो. मला वाटतं, दोघांची मतं त्या आठ वर्षांत फारशी बदलली नव्हती. बदललं होतं ते हे, की आता ते एकमेकांशी बोलत नव्हते, एकमेकांबद्दल बोलत होते, आणि ऐकणारे टाळ्या देत होते.

मग आला संमतिवयाचा कायदा. पतीच्या सहवासासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढीच गोष्ट. जानेवारी १८९१मध्ये विधेयक मांडलं, मार्चमध्ये मंजूर झालं. या दोन महिन्यांत पुण्याने जे केलं ते वाचा. सुधारकांची क्रीडाभुवनातली सभा फेब्रुवारीत उधळली गेली. आगरकरांची तर या वैराच्या काळात जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. तिरडी, मडकं, सगळं. घरात बायको-मुलं असलेल्या माणसाची.

इथे माझा सूर जरा बदलतो, माफ करा. माझी आजी दहाव्या वर्षी बोहल्यावर चढली. हा वाद झाल्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी. ती कधी त्याबद्दल बोलली नाही, फक्त मला शाळेत घालताना आजोबांशी तीन दिवस बोलली नाही, एवढं घरात सांगतात. या साऱ्या गदारोळात ज्यांच्याबद्दल तो चालला होता त्या दहा-बारा वर्षांच्या मुलींचा शब्द कुठे आहे, हे मी शोधत असते. एक रखमाबाई सापडतात. लहानपणी झालेलं लग्न त्यांनी नाकारलं आणि मुंबईच्या कोर्टात लढल्या. १८८७ साली कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असं सांगितल्यावर त्यांनी कैदेची तयारी दाखवली. 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी १८८५ साली पत्रं लिहिली, ती 'एक हिंदू स्त्री' या नावाने. खोट्या नावाआड लपून लोक विष ओकतात, अशी तक्रार मी रोज ऐकते, आणि ती खरीही आहे. पण त्या काळात त्याच पडद्याआड उभं राहून एक बाई बोलू शकली. आणि 'केसरी'कारांनी तिच्यावर काय टीका केली, ते टिळकभक्तांनीही एकदा वाचावं.

असो. पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण याच सुमाराचं, १८९०चं. मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटं घेतलेल्यांची नावं गोपाळराव जोशी यांनी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान. नावांत रानडे होते आणि टिळकही! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. आपल्यातल्याच माणसाने आतली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची आणि मजा बघायची, ही कला आजच्या पोरांनी नव्याने शिकलेली नाही.

१८९५च्या डिसेंबरात पुण्यात काँग्रेस भरली. तिच्याच मंडपात नेहमीप्रमाणे सामाजिक परिषद भरवायची म्हटल्यावर मंडप जाळण्यापर्यंत भाषा गेली. रानड्यांनी मुकाट्याने परिषद फर्ग्युसनच्या आवारात नेली.

तेव्हा, बाबा रे, सभ्यपणाचा तो काळ मला कुठे सापडत नाही. नंतरही नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुंबईला मामाकडे जायचो. तिथे अत्र्यांचा 'मराठा' येई. मामा अग्रलेख मोठ्याने वाचायचे आणि आजी आतून ओरडायची, "पोरींच्या देखत ते वाचू नकोस!" मोरारजी आणि स. का. पाटील यांना अत्र्यांनी जी विशेषणं बहाल केली ती मला आजही पाठ आहेत, पण इथे लिहिणार नाही.

मग काहीच वाईट झालेलं नाही का? तसंही मला म्हणता येत नाही. 'केसरी'ला उत्तर द्यायला 'सुधारक'ला सहा दिवस मिळत. त्या सहा दिवसांत माणूस जेवायचा, झोपायचा, बायकोशी बोलायचा, लिहिलेलं खोडायचा. आमच्या गटात रात्री साडेअकराला एकाने टाकलेल्या वाक्याला अकरा बत्तीसला उत्तर आलं, आणि अकरा पन्नासला तिघं गट सोडून गेले. सकाळी मी चहा घेत बघते तर सगळं संपलेलं. दुसरी गोष्ट, तेव्हा छापखाना होता मूठभरांकडे. 'दीनबंधू'सारखं पत्र चालवणं भालेकरांना किती जड गेलं! आता प्रत्येकाच्या हातात छापखाना आहे. आवाज वाढणारच. त्यातले कित्येक आवाज पूर्वी ऐकूच आले नसते, आणि त्यात माझाही एक आहे.

पण जे गट मी फुटताना पाहिले, आमची शिक्षकांची पतपेढीसुद्धा, ते मतभेद झाले त्या दिवशी फुटले नाहीत. एकत्र करायचं काम संपलं तेव्हा फुटले. या मुलांनी २०१८ साली शाळेला पाण्याची टाकी बांधून दिली. तेव्हाही ते रोज भांडत होते, सिमेंटवरून आणि राजकारणावरूनही. टाकी झाली, आणि मग फक्त राजकारण उरलं.

आगरकर १७ जून १८९५ला गेले. वय अवघं अडतीस, चाळिशीही नाही. 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. लिहिताना त्यांचे डोळे सारखे भरून येत होते, असं सांगतात. वर्गात मी इथे थांबायची आणि खडू खाली ठेवायची. पुढचं, म्हणजे त्याच वर्षी सहा महिन्यांनी मंडपाचा तो प्रकार झाला, हे मी मुलांना दुसऱ्या दिवशी सांगायची. एकाच तासात दोन्ही सांगणं मला कधी जमलं नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या तुकडीतला एक मुलगा करोनाने गेला. दोन्ही गटांवर त्याचा एकच फोटो आला, तोच, टाकीच्या उद्घाटनाचा, हातात थापी घेतलेला. दोन्हीकडच्यांनी मिळून त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसे जमवले. हिशोब माझ्याकडे होता, एक रुपयाचा वाद झाला नाही. मला वाटलं, आता गट एक होतील. नाही झाले. रोज सकाळी दोन्हीकडून मला तोच गुलाबाचा फोटो आणि तोच सुप्रभात येतो, आणि मी दोन्हीकडे वेगवेगळा नमस्कार पाठवते.