निवृत्तीचा पैसा : दोघांपैकी मागे राहील त्याला पुरावा म्हणून

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत कोणी शाळेतून निवृत्त होतो, कोणी आर.टी.सी.तून, कोणी बँकेतून. आणि पुष्कळांची कापूस-सोयाबीनची शेती असते, तिला निवृत्तीचे वय नसते. आम्ही बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसून वर्षानुवर्षे एक गोष्ट पाहिली. निवृत्तीची रक्कम हाती आली की पहिल्या वर्षातच तिला वाटा फुटतात : मुलीचे लग्न, मुलाचा हैदराबाद-पुण्यातला फ्लॅट, घराचा वरचा मजला. उरलेल्यावर दोघांनी वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात. म्हणून हिशोब "आपल्याला किती मिळाले" इथून सुरू करू नये. "दोघांपैकी जो मागे राहील, त्याला शेवटपर्यंत महिन्याला किती मिळेल" इथून सुरू करावा.

आधी पेन्शनचा प्रकार ओळखा

जुनी सरकारी पेन्शन आणि जुनी बँक पेन्शन ढोबळमानाने शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते. पेन्शनर गेल्यावर पहिल्या काही वर्षांची वाढीव मुदत संपली की कुटुंब पेन्शन ३० टक्क्यांवर येते. ५० चे ३० झाले, म्हणजे उत्पन्न ४० टक्क्यांनी घटले. घरपट्टी, लाईट बिल, औषधे मात्र तेवढीच राहतात. ही तफावत आजच वहीत मांडून ठेवा. पेन्शनचा भाग विकून (कम्युटेशन) रक्कम घेतली असेल, तर तो भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. ती तारीखही लिहून ठेवा.

१ सप्टेंबर २००४ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना सी.पी.एस. लागू आहे. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यावी लागते. त्यात "स्वतःला आजन्म, नंतर जोडीदाराला आजन्म, आणि शेवटी मूळ रक्कम वारसांना" असा पर्याय असतो. दरमहा थोडे कमी मिळतात, पण तोच घ्यावा. ॲन्युइटीला महागाई भत्ता नसतो, हेही ध्यानात असू द्या.

आर.टी.सी. आणि खासगी कारखान्यांतल्या कामगारांना भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन योजना लागू असते. तिथे पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरतात, म्हणून वाढीव पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर ३० वर्षांच्या नोकरीनंतरही पेन्शन सात हजारांच्या आतच राहते. विधवेला त्याच्या निम्मी. अशा घरी पी.एफ.ची रक्कम हीच खरी पेन्शन समजावी आणि तिला हात लावू नये.

शेतकरी सभासदांसाठी एक खास सूचना. राज्य सरकारचा पाच लाखांचा रैतू बीमा वयाच्या १८ ते ५९ वर्षांपर्यंतच असतो. साठी आली की हे संरक्षण संपते, आणि घरात दुसरा विमा बहुधा नसतो. शेत ठेक्याने दिले तर पैसा वर्षातून एकदा, हंगामानंतर येतो. तो आला की निदान वर्षभराचा घरखर्च वेगळा काढून बँकेत ठेवावा. उधारी फेडण्यातच सगळा घालवू नये.

महागाईचा साधा हिशोब

७२ ला महागाईच्या दराने भागा. सहा टक्के धरले तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज घर २५,००० रुपयांत चालत असेल, तर साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याला बहात्तराव्या वर्षी ५०,००० लागतील. म्हणून सगळे व्याज खर्चू नये. सुरुवातीच्या वर्षांत त्यातला थोडा भाग मुद्दलात परत टाकावा.

हाती आलेली रक्कम कुठे ठेवावी

पहिला मान ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा. पोस्टात किंवा बँकेत खाते उघडता येते. एप्रिल २०२३ पासून मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली. ८.२ टक्के दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. खाते उघडताना लागू असलेला दर पाच वर्षे कायम राहतो. दोघांचेही वय ६० च्या वर असेल तर दोघांनी आपापल्या नावाने वेगळे खाते उघडावे. एकच खाते असेल तर जोडीदाराला संयुक्त खातेदार करावे, म्हणजे एक गेल्यावर मुदतीपर्यंत खाते तसेच चालू ठेवता येते.

त्यानंतर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना : एकट्याला ९ लाख, संयुक्त नावाने १५ लाख. बँकेच्या मुदत ठेवी एकाच तारखेला न करता एक, दोन, तीन वर्षे अशा पायरीने कराव्यात. सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात राहू द्यावा. ज्यांना महागाई भत्त्यासह पेन्शन आहे, त्यांनी दहा वर्षे लागणार नाही एवढीच रक्कम म्युच्युअल फंडात ठेवायला हरकत नाही. ज्यांना नाही, त्यांनी हा भाग फार लहान ठेवावा.

बँका जोडल्या गेल्याने एक काम वाढले आहे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत गेली. आंध्रा बँक १ एप्रिल २०२० रोजी युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक त्याच दिवशी कॅनरा बँकेत गेली. जुन्या नावाच्या ठेवपावत्या कपाटात असतील तर शाखेत नेऊन नवीन करून घ्या. ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे, व्याज धरून, पाच लाखांपर्यंतच विमा असतो आणि सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा मोजतात. दोन बँकांत विभागलेले पैसे आता एकाच बँकेत आले असतील, तर ही मर्यादा पुन्हा तपासा. दहा वर्षे न हललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या बुडत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधून संबंधित बँकेकडून परत मागता येतात.

जमीन घेताना

निवृत्तीच्या पैशातून स्वस्तात जमीन घेण्याचा मोह इथे फार. पण उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांतील अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीला जमीन हस्तांतर करणे १९७० च्या दुरुस्तीनंतर बेकायदा आहे. विकणारा कोणीही असो, साध्या कागदावर सही-अंगठा असो किंवा वर्षानुवर्षे कब्जा असो; असा व्यवहार कायद्यापुढे शून्य ठरतो. गाव अनुसूचित यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. एरवीही साठीनंतर नवी जमीन घेण्यापेक्षा रोख उत्पन्न बरे, कारण दवाखान्याचे बिल गुंठ्यांत भरता येत नाही.

दवाखाना

मोठ्या आजारात आपली माणसे नागपूर, सावंगी, नांदेड किंवा हैदराबाद गाठतात. म्हणून आरोग्य विमा घेताना केवळ तेलंगणातील नव्हे, तर नागपूरकडच्या कॅशलेस रुग्णालयांची यादीही पाहावी. एप्रिल २०२४ पासून वयाच्या कारणाने विमा नाकारण्याची जुनी ६५ वर्षांची अट राहिलेली नाही, आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे केला आहे. मधुमेह, रक्तदाब लपवू नका; दावा तिथेच अडतो. रेशनकार्डधारकांना आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर २०२३ पासून दहा लाख आहे.

नॉमिनी, मृत्युपत्र आणि दानपत्र

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारून कायदेशीर वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त असतो. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीसंबंधीच्या खटल्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच स्पष्ट केले. तेव्हा नॉमिनी नेमाच (१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार जणांपर्यंत नेमता येतात), पण मृत्युपत्रही करा. ते मराठीत, साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदार हवेत आणि ते लाभार्थी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आपली मुले पुढे तेलुगू कार्यालयात ते कागद घेऊन जातील, म्हणून सोबत तेलुगू किंवा इंग्रजी भाषांतर ठेवा.

राहते घर जिवंतपणी मुलांच्या नावे करायचेच असेल, तर "आम्हा दोघांचा आजन्म सांभाळ करावा" ही अट दानपत्रात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तरच दानपत्र रद्द करून मागता येते. आमचे मत विचाराल तर घर शेवटपर्यंत दोघांच्या नावे असू द्यावे. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. मागे राहणाऱ्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून.

सावधगिरी

चिटफंड नोंदणीकृत असेल तरच त्यात पडावे, आणि साठीनंतर कोणाच्या चिट्टीला जामीन राहू नये. पोलीस किंवा न्यायालय फोनवर व्हिडिओ कॉल करून कोणालाही अटक करत नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवावे. पेन्शनरांनी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला विसरू नये.

शेवटी एक वही करावी : खाती, ठेवी, पॉलिसी, पी.पी.ओ. क्रमांक, लॉकर, देणी-येणी. पासवर्ड तेवढे त्यात लिहू नयेत. ती वही जोडीदाराला दाखवावी आणि वर्षातून एकदा, पाडव्याला, दोघांनी मिळून तपासावी. ज्या घरातले व्यवहार आजवर फक्त पुरुषानेच पाहिले, तिथे घरच्या बाईने महिन्यातून एकदा स्वतः बँकेत जाऊन पासबुक भरून आणावे. फॉर्म, नॉमिनेशन किंवा मृत्युपत्राचा मसुदा याबाबत कोणाला शंका असल्यास कागद घेऊन मंडळात यावे. आम्ही पाहून देऊ.