अमेरिकन गहूं आणि ईटचा मुलूख

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत ईट हें गांव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. त्याच संस्थानाच्या तेलंगणांत १९४६ पासून १९५१ पर्यंत कम्युनिस्टांच्या पुढारपणाखालीं शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. १९४९ त चीन कम्युनिस्टांच्या हातीं गेला. भुकेला हिंदुस्थानहि त्याच वाटेनें जाईल, अशी धास्ती वॉशिंग्टनास पडली. अमेरिकन धान्याचा इतिहास येथूनच वाचला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

जून १९५१ त अध्यक्ष ट्रूमन यांनीं १९ कोटि डॉलरच्या गहूं-कर्जाच्या कायद्यावर सही केली. हें दान नव्हे, कर्ज होतें. १९५४ त पी. एल. ४८० हा कायदा झाला. हिंदुस्थानशीं त्याखालीं १९५६ त झालेल्या करारानें धान्याची किंमत रुपयांत घेण्याचें ठरलें. ४ मे १९६० रोजीं अन्नमंत्री स. का. पाटील यांनीं वॉशिंग्टन येथें आयसेनहौर यांच्याबरोबर १ कोटि ७० लक्ष टन धान्याच्या करारावर सही केली. पुढें १९६५ पासून अध्यक्ष जॉन्सन हे धान्य थोडेंथोडें सोडूं लागले. शेतीसुधारणेचा आग्रह हें त्याचें एक कारण. व्हिएतनाम युद्धावरील हिंदुस्थानची टीका हें दुसरें. दयाबुद्धि व राजकारण हीं एकाच पोत्यांतून येत होतीं, हें यावरून उघड होतें.

मराठवाड्यांत १९७२ च्या दुष्काळांतील तांबडी मिलो ज्वारी वृद्धांस स्मरते व ती सरसकट अमेरिकेची मदत समजली जाते. परंतु पी. एल. ४८० खालील सवलतीची विक्री १९७१ सालींच थांबली होती. उलट १९७३ त सोव्हिएत रशियानें २० लक्ष टन गहूं उसना दिला. सबब तोंडी हकीकत कागदाशीं ताडल्यावांचून ग्राह्य धरूं नये.

संग्राहकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. धान्याच्या साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें या देशांतील पुस्तकें खरेदून तिकडील विद्यापीठांस धाडलीं. त्यांत मराठीहि होतीं. गव्हाच्या मोलानें आमचे ग्रंथ परदेशीं जतन झाले. येथें मात्र त्या गव्हाचे कागद रद्दींत जातात. ईट व आसपासच्या गांवीं जुनीं रेशनकार्डें, धान्यदुकानाच्या वह्या, हस्तांदोलनाचें चिन्ह असलेलीं पोतीं कोणापाशीं असल्यास त्यांनीं तीं जपावींत, एवढी विनंती करून हें टांचण पुरें करतों.