पुसण्याआधी पुसू या

शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात वार, दिनांक, पटसंख्या आणि सुविचार यांच्या सोबतीला ‘दिनविशेष’ नावाची एक ओळ असते. बहुतेक दिवशी ती कुणाच्या तरी जयंतीने नाहीतर पुण्यतिथीने भरते, परिपाठात खड्या आवाजात वाचली जाते आणि पहिल्या तासाला डस्टरखाली जाते. वर्षभर रोज मिळणारी एवढी आयती ओळ आपण वाया घालवतो, असे मला नेहमी वाटते.

अमेरिकेतल्या शिक्षकांना मात्र या बाबतीत सुकाळ आहे. तिथे १९५७ साली चेस आडनावाच्या दोन भावांनी वर्षातल्या दिवसांची जंत्री काढायला सुरुवात केली. त्या जंत्रीत गंभीर दिन असतात तसे चक्रमही असतात. वर्गात शिरल्यावर शिक्षक त्यातला एखादा दिन फळ्यावर लिहितात, पोरे आधी हसतात, मग बोलतात आणि शेवटी चार ओळी लिहितात.

१९ सप्टेंबरचेच बघा. ओरेगॉनमधल्या दोन मित्रांनी गंमत म्हणून ठरवले की या दिवशी सगळ्यांनी समुद्री चाच्यांसारखे बोलायचे. २००२ साली एका विनोदी स्तंभलेखकाने त्यावर लिहिले आणि खेळ जगभर पसरला. आपल्या वर्गात ही तारीख आली, तर मी चाच्यांच्या आवाजात ओरडायला सांगणार नाही. मी ‘चाचा’ हा शब्दच फळ्यावर लिहीन. हिंदीतला चाचा खाऊ आणतो, मराठीतला गलबते लुटतो! मग विचारीन, कान्होजी आंग्रे कोण? इंग्रजांच्या लेखी ते चाचे, मराठ्यांच्या दरबारी सरखेल. या ‘सरखेल’मध्ये फारसी ‘सर’ म्हणजे प्रमुख आणि अरबी ‘खैल’ म्हणजे घोडे, घोडेस्वारांची तुकडी. आरमाराच्या धन्याला पदवी मिळाली ती घोडदळाची! एकाच माणसाला दोन नावे का पडली, यावर सातवीतली मुले तासभर भांडू शकतात. निबंधाला याहून चांगला विषय कुठला?

पण एखाद्या दिवशी काहीच विशेष सापडले नाही तर? तेव्हा ‘सण’ हाच शब्द लिहावा. इंग्रजीतला ‘हॉलिडे’ मुळात पवित्र दिवस. आपली ‘सुट्टी’ सरळ सुटण्यातली, तिला पावित्र्याशी देणेघेणे नाही. ‘सण’ या दोघांपेक्षा गमतीचा, कारण तो निघाला आहे ‘क्षण’पासून. संस्कृतात क्षण म्हणजे पळभराचा वेळ, तसाच उत्सवही. अमरकोशात उत्सवाच्या समानार्थी शब्दांत तो दिलेला आहे. प्राकृतात या एका शब्दाच्या दोन वाटा झाल्या. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात नोंदवून ठेवले आहे की वेळ या अर्थी ‘खण’ म्हणायचे आणि उत्सव या अर्थी ‘छण’. त्या ‘छण’चा आपण केला ‘सण’.

‘छ’चा ‘स’ कसा झाला, हे आपण सांगू नये, पोरांनाच शोधू द्यावे. फळ्यावर दोन रकाने आखायचे. हिंदीकडे छुरी, छाल, छह, छोड़ना, छूटना. मराठीकडे सुरी, साल, सहा, सोडणे, सुटणे. चौथ्या जोडीपर्यंत मागच्या बाकावरून कुणीतरी नियम ओरडून सांगतेच. आणि पाठोपाठ दुसरे कुणीतरी उठून विचारते, “मग छत्रीची सत्री का नाही झाली?” हा प्रश्न आला की तास सार्थकी लागला. ‘छत्र’ संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले. तोंडातोंडी झिजायला त्याला वेळच मिळाला नाही. घरात वाढलेले शब्द आणि बाहेरून नंतर आणलेले शब्द यांतला फरक त्या एका छत्रीखाली समजतो.

त्या रकान्यांत शेवटी एक जोडी घालावी, नव्हे दोन. हिंदीत ‘पूछना’ म्हणजे विचारणे आणि ‘पोंछना’ म्हणजे फडक्याने टिपणे. मुळे वेगळी, एक पृच्छेकडचे, दुसरे संस्कृत प्रोंछनाकडचे. मराठीत दोन्हीकडचा ‘छ’ गेला, ‘स’ आला आणि हाती उरला एकच शब्द, ‘पुसणे’. खुशाली पुसतात ते एक पुसणे, फळा पुसतात ते दुसरे. आज शहरी बोलण्यात पहिले मागे पडले आहे, ‘विचारणे’ने त्याची जागा घेतली. पण ‘विचारपूस’मध्ये ते अजून टिकून आहे, आणि कित्येक मुलांच्या आज्यांच्या तोंडीही. घरी जाऊन आजीला पुसा, हा त्या दिवसाचा गृहपाठ.

दिनविशेषाची ओळ रोज पुसली जाणारच. दुसऱ्या दिवशीच्या तारखेला जागा हवी. फक्त ती दोन्ही अर्थांनी पुसली जावी, आधी पोरांनी आणि नंतर डस्टरने.