चांद मिनारावरचा पहारा

चढा. जिना गोल आणि अरुंद आहे, अंधारात भिंतीवरचा हात काढू नका. सन १६३३. एप्रिलमधली पहाट. दौलताबादच्या चांद मिनारावर आज तुमचा पहारा आहे.

बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहानं हा मिनार १४४५ मध्ये उभारला, तो विजयाची खूण म्हणून. त्याच्या अंगावरच्या निळ्या इराणी फरशा तुम्हाला अंधारात दिसायच्या नाहीत. पण सुमारे दोनशे दहा फुटांवरच्या या सज्ज्यात आलात, की विजयापेक्षा टेहळणीचाच उपयोग पटतो. इथून धुळीचे लोट हेरायचे. धूळ उठली की घोडदळ आलं समजा.

उजाडतंय. किल्ल्याच्या बाहेरच्या तटापलीकडे, अंबरकोटाबाहेर, जिकडे नजर टाकाल तिकडे महाबतखानाचे तंबू. शहाजहानच्या या सरदारानं वेढा घातलाय. पलीकडे खडकीकडं जाणारी वाट. निजामशाहीच्या वजिरानं, मलिक अंबरनं, वसवलेलं ते गाव अजून औरंगाबाद झालेलं नाही. मागं देवगिरीचा, म्हणजे या दौलताबादचाच, ताशीव कडा. किल्ल्यात बसलाय मलिक अंबरचाच मुलगा फतेहखान, सोबत गादीवर बसवलेला कोवळा हुसेन निजामशहा.

तुम्ही शत्रूचे तंबू, हत्ती, तोफा, सगळं टिपून घेता आणि खाली निरोप धाडता. पण त्या तंबूंपासून तटाकडे जमिनीखालून जे खणलं जातंय, ते या उंचीवरून कसं दिसावं? कानठळ्या बसवणारा धडाका होतो, मिनार हादरतो, अंबरकोटाचा तट दगडधोंड्यांसकट उडतो. सुरुंग!

दुसरा शत्रू तर आतच आहे. दख्खनचा भीषण दुष्काळ नुकताच सरलाय, वेढ्यामुळं बाहेरून दाणा येत नाही. कोठारं रिकामी होत चालली आहेत, हे कळायला मिनारावर कशाला चढावं लागतं? खालच्या गल्लीतली माणसं बघा.

अंबरकोटामागोमाग त्याच्या आतला तट, महाकोटही पडतो. मिनार महाकोटातच असल्यानं तुमची ही जागा आता मोगलांची. जूनमध्ये फतेहखान किल्ल्याच्या किल्ल्या सोपवतो. हुसेनशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत होते. तिकडं पेमगिरीवर शहाजीराजे दुसऱ्या एका निजामशाही वारसाला गादीवर बसवतात आणि आणखी तीन वर्षं झुंजतात.

आता उतरा. आजच्या पर्यटकाला या जिन्यावर चढू देत नाहीत. मिनार खालूनच पाहावा लागतो.