खाणीच्या कडेची शाळा

वाळवंटी नदीच्या काठी वसलेली साखळी ही डिचोली तालुक्यातील जुनी बाजारपेठ. येथील दत्तमंदिर, पलीकडे कारापूरचे विठ्ठलमंदिर आणि जवळच्या हरवळ्याचा धबधबा व लेणी यांमुळे तिचे नाव गोव्याबाहेरही परिचित आहे. पण ज्या खेड्यांच्या जोरावर हा बाजार भरे, तेथील माणूस मात्र पिढ्यान्पिढ्या दरिद्रीच राहिला. पावसाळी भात, थोडी काजूची झाडे आणि भाटकाराच्या कुळागरातील मजुरी, एवढ्यावर मुंडकाराचा संसार चाले. घराखालची जमीनही त्याची नसे.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकात. म्हणून त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणत. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून आणि तेही मुख्यतः शहरांत. खेड्यात अक्षरओळख करून देई तो देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर बसणारा शेणैमाम. त्याचे ऋण मोठे आहे. तरी हेही खरे की, त्याच्याकडे लिहिणे आणि हिशेब शिकलेला मुलगा पुष्कळदा मुंबईच्या पेढीवर कारकून होऊन गाव सोडी. गुरे राखणारा मुलगा ओसरीखालीच राही. विद्या आली, पण ती गावाच्या उपयोगी पडली नाही.

पैसा आला तो विद्येच्या आधी. १९४७ नंतर येथील लोहखनिज जपानकडे जाऊ लागले. डिचोलीच्या डोंगरांत खाणी उघडल्या, मांडवीतून बार्जी मुरगाव बंदराकडे निघाल्या. कुदळ मारणाऱ्या हातांना रोख मजुरी मिळाली. परंतु यंत्र चालविणारा, ते दुरुस्त करणारा आणि मोजमाप घेणारा माणूस बहुधा बाहेरूनच येई. मुक्तीच्या वेळी, १९६१ साली, गोव्यात तिघांपैकी दोघांना लिहितावाचता येत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

ही उणीव ज्यांनी ओळखली ते पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. त्यांचा जन्म १९११ सालचा, पेडण्याचा. १९६३ साली सत्तेवर आल्यावर त्यांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या, आणि १९६४ साली कूळकायदा झाला. जमीन आणि अक्षर ही दोन्ही एकाच दशकात कुळाच्या दारी आली. १९७३ साली बांदोडकर निवर्तले, तोवर मुंडकाराचा मुलगा पाटीदप्तर घेऊन शाळेत जाऊ लागला होता.

पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. दहावीच्या उंबरठ्यावर इंग्रजी व गणित यांत अडखळलेल्या मुलाने करावयाचे काय? शेतात परतण्यास तो तयार नाही आणि कचेरीत त्याला जागा नाही. शाळेला जोड हवी होती ती हातांच्या शिक्षणाची. डिचोली व पेडणे येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी फिटर, वीजतंत्री असे धंदे शिकवून ही वाट काढली. साखळीत तर एक वेगळाच प्रयोग झाला. सेसा गोवा कंपनीने उपसून संपविलेल्या खाणीच्या जागेवर झाडे लावली, खड्ड्यातील पाण्यात मासे पाळले आणि त्याच परिसरात ग्रामीण तरुणांसाठी तांत्रिक शाळा उभी राहिली. १९९९ साली तेथे फुटबॉल अकादमीही निघाली. ज्या डोंगराने आजोबांना मजुरी दिली, त्याच्याच पोकळीत नातू लेथ चालविण्यास शिकावा, हा योग विलक्षण खरा. मात्र ज्याने जमीन पोखरली त्यानेच शाळाही द्यावी, यात उपकार किती आणि परतफेड किती, हा हिशेब गावाने मांडून पाहावयास हवा होता.

तो मांडण्यास सवड झाली नाही. २००३ च्या सुमारास चीनची मागणी वाढली आणि खनिजाला सोन्याचे दिवस आले. शाळा सोडून कर्जावर ट्रक घेणे हेच शहाणपण ठरले. एका खेपेचे पैसे ताबडतोब हाती पडत असताना दोन वर्षे कानशी घासत कोण बसणार? मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. ते पुन्हा सुरू झाले आणि २०१८ साली दुसऱ्यांदा बंद पडले. अंगणात उभ्या ट्रकांचे टायर झिजण्याऐवजी कुजले. बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. सरकारने मदत दिली, पण मदत म्हणजे काम नव्हे. ज्याला वीजजोडणी किंवा वेल्डिंग येत होते, त्याला औद्योगिक वसाहतीचे दार ठोठावता आले. ज्याच्यापाशी केवळ ट्रक होता, त्याला तो विकायला गिऱ्हाईकही मिळेना.

स्त्रियांची कथा याहून निराळी. त्यांच्यासाठीचे प्रशिक्षण फार काळ शिवणकामापाशीच घुटमळले. शिवणयंत्र वाटले की कार्य सिद्धीस गेले, अशी समजूत. एका वाड्यावर दहा शिंपिणी झाल्यावर कपडे कोणाचे शिवावयाचे, हे कोणी विचारले नाही.

आता तोच प्रश्न पेडण्यात उभा आहे. जेथे काजूची झाडे होती आणि गुरे चरत, त्या मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. जमिनी गेलेल्या गावांतील तरुणांसाठी विमानतळाच्या कामांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथे शिकलेला मुलगा सामान वाहणाराच राहतो की यंत्रापर्यंत पोहोचतो, आणि शिकण्याच्या काळात बुडणारी त्याची रोजची मजुरी घरचे कशी भरून काढतात, याकडे मोपा आणि वारखंडची माणसे बारकाईने पाहत आहेत. डिचोलीच्या अंगणांतले ट्रक त्यांनीही पाहिले आहेत.