पहिली ऑगस्ट

महाराष्ट्रांतील तलाठ्याच्या दप्तरीं नवें वर्ष चैत्रांत सुरू होत नाहीं, व जानेवारींतहि होत नाहीं. तें सुरू होतें १ ऑगस्ट रोजीं. आदल्या दिवशीं महसुली वर्ष संपतें आणि नव्या हिशेबाचें पान उघडतें. इतिहासाच्या वहींतहि या तारखेस कित्येक जुनीं खातीं मिटलेलीं व नवीं उघडलेलीं आढळतात. एका तारखेस घडलेल्या गोष्टींचीं टिपणें करणें सोपें आहे. परंतु त्यांतील कोणत्या गोष्टी केवळ योगायोगानें शेजारीं येऊन बसल्या व कोणत्यांचें एकमेकींशीं खरें नातें आहे, हें पाहिल्यावांचून त्या टिपणांस इतिहासाची योग्यता येत नाहीं.

प्रथम सन १७९८ ची १ ऑगस्ट घेऊं. ईजिप्तच्या किनाऱ्यावर अबुकीरच्या उपसागरांत फ्रेंचांचीं १३ मोठीं लढाऊ जहाजें नांगरून उभीं होतीं. सायंकाळीं इंग्रज दर्यासारंग नेल्सन यानें त्यांवर हल्ला चढविला. लढाई संपली तेव्हां त्यांपैकीं अवघीं २ जहाजें निसटून गेलीं होतीं. नेपोलियनचें सैन्य ईजिप्तमध्यें अडकून पडलें. फ्रेंचांच्या मदतीकडे डोळे लावून बसलेल्या टिपू सुलतानाची आशा मावळली, आणि ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें. ईस्ट इंडिया कंपनीनें नेल्सनला १०,००० पौंड बक्षीस दिले. कवडीकवडीचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीनें एवढी रक्कम मोजावी, यावरूनच त्या दूरच्या लढाईचा हिंदुस्थानशीं किती निकट संबंध होता तें दिसून येतें.

पुढें ३६ वर्षांनीं, १ ऑगस्ट १८३४ रोजीं, ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी बंद करणारा कायदा अंमलांत आला. भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले. पण ते मिळाले मालकांस, गुलामांस नव्हे. मुक्त झालेल्यांस आणखी कांहीं वर्षें 'उमेदवार' या नांवाखालीं जुन्याच मळ्यांवर राबावें लागलें, आणि वेस्ट इंडीज बेटांत ही उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ रोजीं संपली. कंपनीचा हिंदुस्थानांतील मुलूख तर या कायद्यांतून वगळलाच होता. तेथें गुलामगिरीविरुद्ध कायदा होण्यास १८४३ साल उजाडलें.

मग उंसाच्या मळ्यांवर राबणार कोण? मळेवाल्यांनीं याचें उत्तर हिंदुस्थानांत शोधलें. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'ॲटलस' नांवाचें जहाज हिंदी मजूर घेऊन मॉरिशसला पोंचलें. कराराला 'ॲग्रीमेंट' म्हणतां येईना, म्हणून मजुरांनीं त्याचें 'गिरमिट' केलें, व त्यावर अंगठा उठविणारे 'गिरमिटिये' ठरले. कोंकणांतून गेलेल्या अशाच मजुरांचे वंशज मॉरिशसमध्यें आजहि आपली मराठी ओळख जपून आहेत. सन १८६० पासून हे मजूर दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतींतहि जाऊं लागले. एका गुलामाची बेडी तुटली, ती दुसऱ्याच्या पायीं कराराच्या कागदाच्या रूपानें आली.

याच नाताळांत सन १८९३ मध्यें एक तरुण गुजराथी बॅरिस्टर आला. बोअर युद्धांत जखमींस वाहून नेणारें जें हिंदी पथक गांधींनीं उभारलें, त्यांत गिरमिटिये मोठ्या संख्येनें होते. त्या सेवेबद्दल त्यांस पदक मिळालें. झुलू बंडाच्या वेळच्या शुश्रूषेबद्दल दुसरें, व आफ्रिकेंतील लोकसेवेबद्दल 'कैसर-इ-हिंद' सुवर्णपदक मिळालें. हीं तिन्ही पदकें त्यांनीं व्हाइसरॉयकडे परत धाडलीं, तो दिवस १ ऑगस्ट १९२० हा होता. असहकाराचा आरंभ त्याच दिवशीं झाला. १८३४ ची व १९२० ची तारीख एक असणें हा योगायोग खरा. पण त्या दोहोंमध्यें गिरमिटाचा धागा आहे, तो योगायोग नव्हे.

असहकाराचा मुहूर्त आगाऊ ठरलेला होता. उपवास, प्रार्थना व हरताळ यांनीं तो पाळावयाचा होता. त्याच दिवसाची मध्यरात्र उलटल्यावर मुंबईस सरदारगृहांत लोकमान्य टिळकांची प्राणज्योत मालवली. त्यांस ६४ वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. भर पावसांत लाखोंचा जनसमुदाय चौपाटीपर्यंत चालत गेला. गांधींनीं तिरडीस खांदा दिला. हरताळ आणि सुतक एक झालें. हा निव्वळ योगायोग होता. परंतु लोकांनीं तो तसा राहूं दिला नाहीं. पुढल्याच वर्षीं असहकारासाठीं १ कोटी रुपयांचा जो निधि उभारला गेला, त्यास नांव टिळकांचेंच दिलें गेलें.

त्याच तारखेस सातारा जिल्ह्यांतील तेव्हांच्या वाळवें तालुक्यांत, वाटेगांव येथें, एका गरीब मातंग कुटुंबांत एक मूल जन्मलें. सारा महाराष्ट्र शोकांत असतां त्या घरच्या आनंदाची वार्ता वेशीबाहेर कोण नेणार? मुलानें पुढें शाळेचें तोंड जेमतेम दीड दिवस पाहिलें, असें सांगतात. घरच्या मंडळींबरोबर तो पायीं मुंबईस आला, गिरणींत राबला, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर शिकला. त्यानें डफावर थाप मारली तेव्हां गिरणगांव ऐकूं लागलें. सन १९५९ मध्यें त्याची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तेच अण्णाभाऊ साठे.

सन २०२० मध्यें १ ऑगस्ट रोजींच लोकमान्यांच्या पुण्यतिथीस आणि अण्णाभाऊंच्या जन्मास शंभर वर्षें पुरीं झालीं. शतकापूर्वीं त्या दिवशीं चौपाटीवर काय झालें हें साऱ्या जगास कळलें. वाटेगांवीं काय झालें, तें कळावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. म्हणून दिनविशेषाची वही लिहिणारानें दर तारखेपुढें कांहीं जागा कोरी ठेवावी हें बरें. तेथें कोणाचें नांव लिहावें लागेल, तें त्या दिवशीं कोणासच ठाऊक नसतें.