जिवंत मूत्रपिंडदान : दात्याच्या लाभाचा ऐतिहासिक मागोवा

मूत्रपिंडदानाच्या लाभांची चर्चा बहुधा रुग्णाच्या बाजूने केली जाते. दात्यास काय लाभ, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

१९५२ च्या नाताळात पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात एका मातेचे मूत्रपिंड तिच्या मुलास बसविण्यात आले. सुमारे तीन आठवड्यांनी शरीराने ते नाकारले व मुलगा दगावला. समरूप जुळ्यांमध्ये ही अडचण नव्हती. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसविले. तत्पूर्वी एकाची त्वचा दुसऱ्यास लावून पाहण्यात आली होती. दोघांच्या बोटांचे ठसेही तपासले गेले. खरा पेच मात्र शस्त्रक्रियेचा नव्हताच. निरोगी माणसाच्या देहावर केवळ दुसऱ्यासाठी शस्त्र चालवावे काय? अपाय न करण्याची वैद्यकातील जुनी मर्यादा येथे हेतुपुरस्सर ओलांडली जात होती. म्हणूनच डॉक्टरांनी धर्मगुरू व विधिज्ञ यांचाही सल्ला घेतला. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. त्याने रुग्णालयातील परिचारिकेशी विवाह केला, त्यांना दोन अपत्ये झाली. एका मूत्रपिंडावर रोनाल्ड २०१० पर्यंत, वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत जगला.

दात्याच्या लाभाचे पहिले उत्तर वैद्यकाने नव्हे, न्यायालयाने दिले. १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये १९ वर्षांच्या, म्हणजे तेथील तत्कालीन कायद्याने अज्ञान असलेल्या, जुळ्यांचे प्रकरण पुढे आले. भाऊ मरण पावल्यास दात्याच्या मनावर गंभीर आघात होईल, तेव्हा दान त्याच्याही हिताचे आहे, असे मानून शस्त्रक्रियेस अनुमती मिळाली. हा युक्तिवाद काहीसा ओढूनताणून केलेला वाटतो. तरीही दात्याचे हित स्वतंत्रपणे तपासले पाहिजे, हे तत्त्व त्यातून रुजले. १९९५ मध्ये बाल्टिमोर येथे दुर्बिणीद्वारे मूत्रपिंड काढण्याची पद्धत सुरू झाली व दात्याच्या वेदना बऱ्याच कमी झाल्या. धोका अल्प असला, तरी शून्य नाही.

भारतात वेल्लोर येथे १९७१ मध्ये जिवंत दात्याकडून यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९८० च्या दशकात मात्र मुंबई-मद्रासकडे गरिबांच्या मूत्रपिंडांचा बाजार उभा राहिला. तेथे दात्यास लाभ म्हणजे तुटपुंजी रोकड. १९९४ च्या कायद्याने हा व्यवहार गुन्हा ठरविला. महाराष्ट्र व गोवा येथे तो प्रारंभापासूनच, १९९५ मध्ये, लागू झाला. निकटच्या नातलगांखेरीज इतरांस स्नेह, जिव्हाळा अथवा अन्य विशेष कारण दाखवून समितीची मान्यता घ्यावी लागते.

येथेही बोस्टनचाच प्रश्न वेगळ्या रूपात परततो. भारतात दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक, घेणाऱ्यांत पुरुषांचे. पत्नीचा वा मातेचा होकार हा जिव्हाळा की घरातील अलिखित आज्ञा, हे कागदावर कळत नाही. २०१४ च्या नियमांनी याची दखल घेतली : दाता स्त्री असल्यास अधिक दक्षता घ्यावी आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खात्री रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीने करावी.